सुगीच्या आधी रान, सुगीनंतर माळ

राजहंसगडावर दुपार कलल्यावर गेलात तर तटावरून दोन वेगळे मुलूख दिसतात. पश्चिमेला डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत जातात. ते खानापूर तालुक्याचं रान, आणि त्याच्या पलीकडे गोवा. पूर्वेला जमीन सपाट आणि फिकी होत दूर निघून जाते. त्या दिशेने जात राहिलं की बैलहोंगल लागतं, सौंदत्ती लागते आणि शेवटी बदामीचा तांबडा दगड. मधोमध, गडाच्या पायथ्याशी, आपलं येळ्ळूरचं भातशिवार.

दरवर्षी दिवाळी जवळ आली की मंडळाच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो : यंदा सहल कुठं? पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला, परदेशात असलेली मंडळी गावाकडे येणार असतात. मुलांना जंगल बघायचं असतं. कुणी जैसलमेरच्या वाळूचे फोटो टाकतं. मग तारखा, बजेट, कुणाची परीक्षा, कुणाचे गुडघे असं करत करत शेवटी सगळे एका रिसॉर्टवर एक दिवस जाऊन जेवून परत येतात. हे अनेकदा झालं, म्हणून हा लेख लिहायला घेतला. घनदाट रान आणि उघडा कोरडा माळ, दोन्ही आपल्या उंबऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत आहेत. दोन्ही एकाच नदीवर आहेत. आणि त्यांना जायची योग्य वेळ आपल्या शेतीच्या कॅलेंडरमध्ये आधीच लिहून ठेवलेली आहे.

एक नदी, दोन टोकं

ती नदी म्हणजे मलप्रभा. जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे जाताना कणकुंबी लागतं. तिथे सुमारे ७९२ मीटर उंचीवर ती उगम पावते. खानापूरवरून पुढे पूर्वेला वळते, सौंदत्तीजवळ नवलतीर्थाच्या धरणात अडते, तिथून सुटून पट्टदकल, ऐहोळेजवळून वाहत कूडलसंगमला कृष्णेला मिळते. एकूण प्रवास ३०४ किलोमीटरचा.

या प्रवासात पाऊस कसा कमी होत जातो ते बघण्यासारखं आहे. कणकुंबी, आमगाव या भागात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, दिवस दिवस सूर्य दिसत नाही. तोच ढग घाट ओलांडून पूर्वेला गेला की रिकामा होत जातो. सौंदत्ती, बदामी भागात वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या घरात येतो. दोन-तीन तासांच्या गाडीच्या प्रवासात जळवांच्या रानातून आपण निवडुंगाच्या माळावर पोचतो.

कणकुंबीच्या परिसरात आणखी एक गंमत आहे. याच डोंगरांत, भीमगडच्या रानात, म्हादईही उगम पावते. ती पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. मलप्रभा मात्र कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जाते. शेजारशेजारच्या उतारांवर पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जातात. कळसा-भांडुरा, म्हादई जललवाद, २०१८ सालच्या निवाड्यात कर्नाटकाला मिळालेलं १३.४२ टीएमसी पाणी, हे सगळं आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण तिन्ही राज्यं एवढ्याशा ओढ्यांवरून का भांडतात हे दोन्ही टोकं डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. वरच्या टोकाला रान आणि त्यातली माणसं आहेत, खालच्या टोकाला पाण्याची वाट बघणारी शेतं आहेत. कुणाची बाजू घ्यायची ते प्रत्येकाने ठरवावं, पण मुलांना दोन्ही बाजू दाखवाव्यात.

एप्रिलमधली आमची चूक

हे सगळं आज शहाण्यासारखं लिहितोय, पण आमची पहिली सहल चुकली होती. गल्लीतले आम्ही १९ जण दोन गाड्या करून सौंदत्तीला निघालो. शाळांना सुट्टी लागली होती, म्हणून महिना निवडला एप्रिलचा. यल्लम्माचं दर्शन घ्यायचं, परसगड किल्ला बघायचा आणि धरणावर जेवायचं असा बेत. देवळात गर्दी होती, दर्शनाला वेळ लागला. किल्ल्याच्या वाटेला लागलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

तरुण पोरं पुढच्या गाडीतून आधीच धरणाकडे निघून गेली. पाण्याचे जार त्यांच्याच गाडीत. आमच्याकडे राहिल्या तीन-चार बाटल्या, त्याही अर्ध्या. चढावर शेजारच्या मावशी मागे पडल्या. मागे कुणी बघितलं नाही. दहा मिनिटांनी कुणीतरी वळून बघतं तर मावशी दगडाला टेकून बसलेल्या. अंग तापलेलं, घाम थांबलेला, आणि बोलणं थोडं असंबद्ध. पुढच्या गाडीला फोन लावला तर तो लागेना.

शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला बघितलं. त्यांना मराठी येत नव्हतं, आमच्यातल्या एका वहिनींना कन्नड चांगलं येत होतं. त्यांनी झाडाची सावली दाखवली, स्वतःच्या घागरीतलं पाणी दिलं. पदर भिजवून मानेवर, काखेत ठेवला, टॉवेलने वारा घातला आणि तसंच गाडीत घालून सौंदत्तीत डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळपर्यंत मावशी बऱ्या झाल्या. डॉक्टर एवढंच म्हणाले, की आणखी तासभर उशीर झाला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

परत येताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. मावशीच म्हणाल्या, "मी बघायला आलो होतो की, पळायला नाही. तुम्ही सगळे पळत होतासा."

त्या वाक्यावर आम्ही पुढच्या सगळ्या सहली बेतल्या.

आपलं शेत आणि आपली सहल

चूक फक्त पाण्याच्या जारची नव्हती, ती महिन्याचीही होती. शाळेच्या सुट्टीप्रमाणे सहल ठरवली की रान बघायला आपण मे महिन्यात जातो आणि धबधबे बघायला जुलैत. दोन्ही वेळा चुकीच्या. आपल्या गावात कोण कधी मोकळं असतं याचा हिशोब मात्र वेगळा आहे.

जून-जुलैत नट्टी असते, तेव्हा घरातलं कुणी हलत नाही. नट्टी झाली, श्रावण, गणपती, दसरा झाला, की भात पोटरीला येऊन उभं असतं आणि हाताला थोडी उसंत मिळते. दिवाळीच्या पुढे कापणी, मळणी, म्हणजे सुगी. सुगीत सहलीचं नाव काढलं तर आजोबा कोयता दाखवतील! मळणी आटोपली, मसूर-वाटाणा रानात रुजला, की जानेवारीत पुन्हा पंधरा दिवस श्वास मिळतो.

आता हे दोन मोकळे काळ निसर्गाच्या बाजूने बघा. दसरा ते दिवाळी : पाऊस मागे सरलेला, ओढे अजून वाहते, जळवा कमी झालेल्या, रान हिरवंगार. म्हणजे कणकुंबी-भीमगडच्या बाजूला जायची हीच वेळ. जानेवारी : माळावर ऊन सौम्य, सकाळी चांगली थंडी, पाणथळ जागी परदेशातून आलेले पक्षी. म्हणजे सौंदत्ती-बदामीला जायची हीच वेळ. सुगीच्या आधी रान आणि सुगीनंतर माळ. एवढं लक्षात ठेवलं की अर्धं नियोजन झालं.

पहिली सहल : रान

येळ्ळूरहून कणकुंबी जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सकाळी सहाला निघालं की नाश्ता जांबोटीच्या आसपास होतो. वाटेत मलप्रभेच्या पात्रातलं हब्बनहट्टीचं मारुती मंदिर. पावसाळ्यात हे मंदिर पाण्याखाली जातं, ऑक्टोबरमध्ये पाणी उतरलेलं असतं. तिथे मुलांना भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा दाखवा. पुढे कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचं उगमस्थान. देवदर्शन झालं, पाय मोकळे झाले, वयस्कर मंडळींचा दिवस इथेच पूर्ण होऊ शकतो.

चालू शकणाऱ्यांसाठी खानापूरवरून हेम्माडग्याची बाजू आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, क्षेत्र १९० चौरस किलोमीटरच्या वर. गवे, अस्वलं, बिबटे, सांबर, शेकरू, धनेश पक्षी या रानात आहेत. शिवकाळात महत्त्व असलेला भीमगड किल्लाही याच रानात आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमध्ये एक दुर्मीळ वटवाघूळ राहतं. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद १९१३ साली केली आणि पुढे कित्येक दशकं जगात फक्त याच गुहांमध्ये ते आहे असं मानलं जायचं. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. या गुहांमध्ये सहल न्यायची नाही. वीस माणसांचा आवाज आणि टॉर्चचा उजेड त्या वटवाघळांच्या वसाहतीला पुरून उरेल. बाहेर उभं राहून मुलांना गोष्ट सांगितली तरी पुरे. आपल्या तालुक्याशेजारच्या गुहेत असं काही आहे हेच किती पोरांना ठाऊक नसतं.

रानात जाताना पाळायच्या गोष्टी अशा.

वन खात्याची परवानगी आधी घ्या. "आमच्या ओळखीचा माणूस आहे" यावर विसंबून वीस माणसं फाटकापर्यंत नेऊ नका. कुठली वाट खुली, कुठली बंद, वाटाड्या सक्तीचा आहे का, हे किमान दोन आठवडे आधी खानापूरच्या वन कार्यालयात जाऊन विचारा. किल्ल्याची वाट तर परवानगीशिवाय धरूच नका.

पावसाळ्यात धबधब्यांकडे ग्रुप नेऊ नका. खानापूरच्या धबधब्यांवर दरवर्षी तरुण पोरं जीव गमावतात, म्हणून अलीकडे वन खातं पावसाळ्यात तिकडे जायला बंदी घालतं. ती बंदी आपल्यासाठीच आहे. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढ्याला काही मिनिटांत पाणी वाढतं.

जळवांना मीठ किंवा तंबाखूची पूड चालते. निपाणीच्या शेजारी राहून तंबाखूची वेगळी सोय सांगायला नको. पायमोज्यावर पूड चोळायची, चिकटलेली जळू ओढून काढायची नाही, मिठाचं बोट लावलं की ती आपणच सुटते.

पावसानंतरच्या कोरड्या महिन्यांत, विशेषतः डिसेंबरपासून मेपर्यंत, रानातल्या गोचिडांपासून सांभाळा. शेजारच्या दोडामार्ग आणि गोव्याच्या सत्तरी भागात गेल्या दहा वर्षांत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो गोचिडांमधून पसरतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पाचोळ्यात बसू नका, माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला कळवा. परतल्यावर अंघोळ करून अंग तपासा. आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना "आम्ही रानात गेलो होतो" हे आठवणीने सांगा.

आणि रानातली गावं म्हणजे प्रेक्षणीय स्थळं नव्हेत. तिथली माणसं पावसाळ्यात पुलाविना, दवाखान्याविना राहतात. आजारी माणसाला खाटेवर घालून चालत आणावं लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांच्या अंगणात शिरून फोटो काढण्याआधी राम राम करा. चहा-जेवणाची सोय त्यांच्याकडे सांगितली तर योग्य पैसे द्या. अंधार पडायच्या आत रानाबाहेर या. तो वेळ गव्यांचा असतो.

दुसरी सहल : माळ

आता जानेवारी. खरं वाळवंट हे नव्हे, हे आधीच सांगतो. भूगोलात साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाच्या प्रदेशाला वाळवंट म्हणतात, आपल्या पूर्वेला त्याच्या दुप्पट पाऊस आहे. पण डोळ्यांना आणि कातडीला जो अनुभव येतो तो त्याच कुळातला : मैलोगणिक सावली नाही, बाभूळ, हिवर आणि निवडुंग, तांबडा दगड, आणि आभाळ इतकं मोठं की भातशिवारात वाढलेल्या माणसाला थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं.

आम्ही ही सहल दोन दिवसांची करतो. पहिल्या दिवशी सौंदत्ती. यल्लम्मा आपल्याकडच्या कितीतरी घरांची देवी, त्यामुळे दर्शनाशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मात्र पौर्णिमा, मंगळवार आणि शुक्रवार टाळा, नाहीतर दिवस रांगेतच जाईल. तिथून नवलतीर्थ. कन्नडमध्ये नविलु म्हणजे मोर. डोंगर कापून नदी जिथून बाहेर पडते त्या खिंडीवर १९७२ साली पूर्ण झालेलं धरण आहे. त्याच्या जलाशयाचं नाव रेणुकासागर, क्षमता ३७ टीएमसीच्या वर. ऑक्टोबरमध्ये कणकुंबीला जे ओंजळभर पाणी बघितलं तेच इथे समुद्रासारखं पसरलेलं दिसतं. मुलांना इथे आणलं की आमचा एकच प्रश्न असतो : "हे पाणी कुठून आलं?" ज्यांनी पहिली सहल केली त्यांना उत्तर ठाऊक असतं.

मुक्काम बदामीला. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर लेणी. तांबड्या वालुकाश्मात कोरलेली चालुक्यांची ही लेणी, तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इसवी सन ५७८चा. पायऱ्या आहेत, पण थांबत थांबत चढता येतात. माकडं धीट आहेत, हातात खाण्याची पिशवी ठेवू नका. ऊन चढायच्या आत खाली यायचं, आणि मग २२ किलोमीटरवर मलप्रभेकाठचं पट्टदकल. १९८७ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. जेवण करून परतीला लागलं तर रात्री जेवणाच्या वेळेला घर.

ज्यांना देवळांपेक्षा प्राण्यांत रस आहे अशा लहान ग्रुपसाठी बागलकोट जिल्ह्यातलं यडहळ्ळी. बिळगी आणि मुधोळच्या मधल्या या माळावर २०१६ साली चिंकारा अभयारण्य झालं. चिंकारा म्हणजे राजस्थानचा राज्यप्राणी, थरच्या वाळूत राहणारं हरीण. पानांतल्या ओलाव्यावर ते दिवसचे दिवस काढतं. जैसलमेरला जाऊन बघायचा प्राणी आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास राहतो! अर्थात तो दिसेलच असं नाही. दबकत, कमी माणसांनी, दुर्बीण घेऊन आणि वन खात्याला विचारूनच जावं लागतं. वीस जणांची गाणी म्हणणारी गाडी तिथे नेऊन उपयोग नाही.

एकाच दिवसात परतायचं असेल तर घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यावर. नोव्हेंबर ते मार्च इथे करकोचे आणि स्थलांतरित पक्षी येतात. शेजारी गोकाकचा धबधबा, ५२ मीटर उंचीचा. जानेवारीत त्याची धार बारीक असते, पण पाण्यामागचा दगड नीट दिसतो. पावसाळ्यातला त्याचा अवतार बघायला वेगळं जावं, कठड्याच्या आतून.

माळाला "पडीक" म्हणायची आपल्याला सवय आहे. सकाळी सातला गाडी बाजूला घेऊन पंधरा मिनिटं गप्प उभं राहून बघा. चंडोल, माळटिटवी, दूरवर एखादं खोकड. माळ रिकामा नसतो, आपण दुपारी जातो म्हणून तो रिकामा दिसतो.

वीस माणसं हलवायची कशी

त्या एप्रिलनंतर आम्ही एक वही केली. तिच्यातलं थोडं इथे देतो.

सगळ्यात हळू चालणारा माणूस वेग ठरवतो. नाव नोंदवतानाच विचारायचं : गुडघे, रक्तदाब, साखर, दमा, रोजच्या गोळ्या. लाजायचं नाही, लपवायचं नाही. ज्यांना चढ जमणार नाही त्यांच्यासाठी त्याच ठिकाणी बसायची दुसरी सोय आधीच ठरवायची. "तुम्ही गाडीत बसा" ही सोय नव्हे.

एक पुढचा, एक शेवटचा. पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही, शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. शेवटचा माणूस ठणठणीत आणि शांत डोक्याचा हवा. आमच्याकडे हे काम एक निवृत्त गुरुजी करतात. चाळीस वर्षं वर्ग मोजायची सवय, दर थांब्याला माणसं मोजतात.

पाणी वाटून ठेवायचं. माळावर माणशी तीन लिटर धरा. १७ माणसांना ५१ लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन जार. दोन गाड्या असतील तर दोन्हीत पाणी आणि दोन्हीत औषधाची पेटी. शिवाय प्रत्येकाच्या खांद्याला स्वतःची बाटली. क्षारसंजीवनीची पाकिटं नसतील तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट भरलेले. ऊन लागलेल्याचा घाम थांबला, बोलणं भरकटलं तर थांबून "बरं वाटेल" म्हणायचं नाही. सावली, ओला कपडा, वारा आणि दवाखाना. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

बायकांच्या सोयीचा विचार आधी करा. हा विषय मिटिंगमध्ये कुणी काढत नाही, आणि मग बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आमच्या मावशींनीही त्या दिवशी म्हणूनच कमी पाणी प्यालं होतं, हे नंतर कळलं. दर दोन तासांनी स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल ते आधी फोन करून किंवा जाऊन बघून ठेवा आणि थांब्यांची यादी सगळ्यांना द्या.

गाडी एकच, १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर. मोठी बस जांबोटीच्या पुढच्या वळणांना त्रासाची. गाडी पिवळ्या पाटीची घ्या, आणि चोर्ल्याहून गोव्यात उतरायचं असेल तर परराज्याच्या परवान्याचं आधी बोलून घ्या. नाक्यावर दोन तास गेले की दिवस गेला.

पैसे आधी, हिशोब नंतर सगळ्यांसमोर. माणशी रक्कम ठरवून निम्मी नोंदणीच्या वेळी घ्यायची. परतल्यावर तीन दिवसांत हिशोब ग्रुपवर. उरलेले पैसे पुढच्या सहलीला ठेवतो, त्यातून दोन विद्यार्थ्यांचा खर्च निघतो.

जेवण घरचं. भाकरी, शेंगांची चटणी, सुकं पिठलं, चुरमुरे, लाडू. दहीबुत्ती न्यायची तर दुपारच्या आत संपवायची. केळीच्या पानावर जेवलं तर धुवायचं नाही आणि टाकायला प्लास्टिक नाही. रानात नेलेलं प्रत्येक पाकीट परत आणायचं. मुलांना हे काम द्या, ती मोठ्यांपेक्षा कडक असतात.

फोनवर विसंबू नका. भीमगडच्या बाजूला रेंज जाते. दुपारी एक वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता कुठे भेटायचं हे कागदावर लिहून प्रत्येकाकडे. गावातल्या एकाकडे आपल्या वाटेचा कागद आणि परतायची वेळ.

आणि गाडीत एक तरी जण चांगलं कन्नड बोलणारा हवा. आपण सीमाभागातली माणसं, दोन भाषांत वावरतो. मराठीवरचं प्रेम आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्या दिवशी परसगडाच्या पायथ्याशी एका कन्नड आजोबांच्या घागरीतल्या पाण्यावर मावशी वाचल्या, आणि वहिनींच्या कन्नडवर. धन्यवाद त्यांच्या भाषेत म्हणता यावा एवढी तयारी प्रत्येकाची असावी.

आणि खरं वाळवंट?

जैसलमेरचं स्वप्न सोडा असं मी म्हणत नाही. बेळगाव स्टेशनवरून जोधपूरकडे जाणारी थेट रेल्वे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दिवसा ऊन आणि रात्री हाडं गोठवणारी थंडी, त्यामुळे स्वेटर आणि टोपी दोन्ही लागतात. तिथलं वाळवंट राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं, म्हणजे भीमगडच्या सोळापटींहून मोठं. माळढोकाचा, तिकडच्या भाषेत गोडावणाचा, तो शेवटच्या आसऱ्यांपैकी एक आहे. वाळूच्या टेकडीवर उंटावर बसायला अर्धा तास पुरतो, उद्यान बघायला एक पूर्ण सकाळ ठेवा.

फक्त एवढंच, की वीस जणांना दोन हजार किलोमीटरच्या आसपास नेण्याआधी त्याच वीस जणांना घेऊन कणकुंबी आणि बदामी करा. कोण किती चालतं, कुणाला गाडी लागते, कोण हिशोब नीट ठेवतो, कोण चिडतो आणि कोण सांभाळून घेतो, हे सगळं त्या दोन सहलींत कळतं. मग जैसलमेर सोपं जातं.

गेल्या जानेवारीत आम्ही पुन्हा सौंदत्तीला गेलो. मावशी होत्या. किल्ल्याच्या वाटेवर सकाळी साडेआठला चढलो, गुरुजी त्यांच्या मागे. वर पोचायला बाकीच्यांच्या दुप्पट वेळ लागला. कुणी घाई केली नाही. वर बसून त्यांनी पदराने तोंड पुसलं, समोर पसरलेल्या पाण्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे आपल्या कणकुंबीचं होय?"

होय म्हटलं, तिथलंच.

यंदा दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार रानासाठी ठरवायचा विचार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी नावं लवकर द्यावीत, आणि गुडघ्यांचं खरं खरं सांगावं!